डेअरीतल्या कॉम्प्युटरवरची पावती उत्पादकांना घरून मोबाइलवर दाखवायची आहे, पोर्ट फॉरवर्ड चालत नाही

कॅनवाला | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

अकोले तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. वडील चालवतात. डिप्लोमा करून घरी आल्यापासून कॉम्प्युटरचं सगळं माझ्या गळ्यात. २१२ कोड (म्हणजे दूध घालणारे उत्पादक, प्रत्येकाचा एक नंबर) आहेत, सकाळी साडेनऊशे-हजार लिटर, संध्याकाळी थोडं कमी. आधी विकतचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं वर्षाचं भाडं दरवेळी वाढायचं म्हणून गेल्या दिवाळीत मीच फ्लास्कमध्ये (पायथॉनमधून वेब पानं बनवायचं साधन) प्रोग्रॅम लिहिला. फॅट मशिनची सिरियल केबल यूएसबी कन्व्हर्टरने जुन्या डेस्कटॉपला लावली आहे. उबंटू आहे, ४ जीबी रॅम. फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) आपोआप येतं, लिटर वडील टाकतात, तक्त्यातून दर निघतो, पावती छापली जाते. वर्ष होत आलं, एकदाही बंद पडलेलं नाही.

आता अडचण. पावतीचा कागद चार दिवसांत पांढरा पडतो, निम्म्या लोकांच्या खिशातच विरघळतो. दहा दिवसांनी बिल निघालं की सुरू: "त्या मंगळवारी माझी फॅट चार लागली होती, तुम्ही तीन-सहा कशी धरली?" म्हणून ठरवलं की उत्पादकाने मोबाइलवर आपला कोड टाकायचा आणि नोंद बघायची. पान बनवलंय. डेअरीच्या वायफायवर १९२.१६८.१.२०, पोर्ट ५००० टाकलं की झकास उघडतं. वायफायबाहेर पाऊल टाकलं की गायब.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं. ५००० करून पाहिलं, ८०८० करून पाहिलं. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा नंबर मित्राला दिला, त्याच्याकडे नुसतं गोल फिरतं. फायबरवाल्याला फोन केला तर तिकडचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडून सगळं ओपन आहे." स्टॅटिक आयपीसाठी दरमहा वेगळे पैसे सांगतोय. ते लिटरमागे मिळणाऱ्या कमिशनातून काढायचे म्हटल्यावर वडिलांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

काय चुकतंय?

जुना_एक्स्चेंजवाला | सोमवार, रात्री १०.३५

राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि वॅनपुढे (म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या लाइनसमोर) कोणता आयपी दिसतो तो इथे लिहा. साइटवर दिसतो तो नको, राउटरला दिसतो तो. पुरा लिहू नका, पहिले दोन आकडे पुरेत.

कॅनवाला | सोमवार, रात्री १०.४८

१००.८१ ने सुरू होतोय. साइटवर दिसतो तो वेगळाच आहे, १०३ ने सुरू होणारा. हे दोन एकच असायला हवेत का?

जुना_एक्स्चेंजवाला | सोमवार, रात्री ११.२०

हवेत, आणि नाहीत. तुमचं काहीच चुकलेलं नाही, तुम्ही कितीही पोर्ट उघडलेत तरी हे चालणार नव्हतं.

१००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले. एकूण सव्वाचारशे कोटी, त्यात आशियाच्या वाट्याचा शेवटचा मोठा गठ्ठा २०११ मध्येच फुटला. त्यामुळे कंपनी एका खऱ्या पत्त्यामागे शेकडो घरं बसवते. त्याला सीजीनॅट म्हणतात.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मोठ्या ऑफिसात बाहेरची लाइन एक आणि आत चाळीस एक्स्टेन्शन असतात. आतला माणूस बाहेर फोन लावू शकतो. बाहेरच्याने त्या एका नंबरावर फोन केला तर बोर्डावरच्या ऑपरेटरला सांगून ठेवावं लागतं, की असा फोन आला तर २३ नंबरला जोड. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे ते सांगून ठेवणं. तुम्ही तुमच्या घरच्या ऑपरेटरला सांगितलंत. पण तुमचं अख्खं घरच दुसऱ्या मोठ्या बोर्डाचं एक एक्स्टेन्शन आहे, आणि तो बोर्ड कंपनीच्या खोलीत. तिथल्या ऑपरेटरला तुमचं नावही ठाऊक नाही. फोन तिथेच मरतो. तो पोरगा खोटं बोलला नाही, त्याला प्रश्नच समजला नाही.

उपाय जुनाच आहे: बाहेरून आत येता येत नसेल तर आतून बाहेर फोन लावायचा आणि लाइन धरून ठेवायची. बाहेर चांगल्या पत्त्यावर बसलेल्या कुणाला तरी तुमचा कॉम्प्युटर स्वतः फोन लावतो आणि ठेवत नाही. लोक त्या बाहेरच्याला फोन करतात, तो धरलेल्या लाइनवरून बोलणं आत पोचवतो. याचं नाव टनेल. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही. काल केलेले ते फॉरवर्ड आधी काढून टाका.

एक बारीक गोष्ट: कॉम्प्युटरवर टेलस्केल (आपली यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) असेल तर तेही पत्ते याच १०० च्या पट्ट्यातले देतं. म्हणून मी राउटरच्या पानावरचा आकडा मागितला, कॉम्प्युटरवरचा नाही.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे २.१०

वरच्या काकांनी बोर्ड छान समजावला. मी हत्यारं सांगतो. (कमांड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करायची हे सांगायला नको.)

नुसतं चालतंय का बघायचं असेल तर क्लाउडफ्लेअर्ड (क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेलचा प्रोग्रॅम) उतरवा आणि टनेल, यूआरएल, लोकलहोस्ट ५००० एवढी एक ओळ द्या. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार इंग्रजी शब्द जोडलेला आणि शेवटी ट्रायक्लाउडफ्लेअर डॉट कॉम असलेला पत्ता मिळेल. प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला की पत्ता बदलतो, तेव्हा हा फक्त चाचणीसाठी. एका वेळी २०० विनंत्यांची मर्यादाही आहे, पण ती तुम्हाला आडवी येणार नाही.

एनग्रॉक नावाचं तसंच दुसरं टनेलही आहे. या कामाचं नावच त्याने लोकांच्या तोंडी बसवलं. माझ्या रोजच्या कामात मी तेच वापरतो, कारण त्याच्या ४०४० पोर्टवरच्या पानावर आलेली प्रत्येक विनंती जशीच्या तशी उघडून बघता येते आणि तीच पुन्हा पाठवून बघता येते. पेमेंटचे वेबहुक (दुसऱ्या सर्व्हरने आपणहून पाठवलेले निरोप) तपासताना याला तोड नाही. पण फुकटच्या खात्यात ब्राउझरमधून येणाऱ्याला आधी एक इंग्रजी इशाऱ्याचं पान दिसतं. तुमच्या उत्पादकांनी ते पान बघितलं की ते मोबाइल घेऊन थेट डेअरीत येतील.

कायमचं करायचं तर एक डोमेन घ्या, डॉट इन वर्षाला हजाराच्या आत मिळतं. त्याचे नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) क्लाउडफ्लेअरकडे वळवा, नावाचं टनेल बनवा आणि ते सर्व्हिस म्हणून बसवा, म्हणजे लाइट जाऊन आली की आपलं आपण उठेल. बाहेर ७८४४ पोर्टवरून चार जोडण्या लागतात. टनेलच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) बीओएम अक्षरं दिसली की समजायचं, मुंबईला जोडलंय.

आणि दोन प्रश्न, उत्तर द्या मगच पुढे जा. एक: फ्लास्क डीबग मोडमध्ये चालतंय का? दोन: पावती बघायला फक्त कोड नंबर टाकायचा, की आणखी काही?

कॅनवाला | मंगळवार, सकाळी ११.०५

चाललं!!! काका, रात्रपाळी, दोघांचे पाय धरतो. सकाळचं संकलन संपवून बसलो आणि दहा मिनिटांत झालं. राजूर नाक्यावर जाऊन स्वतःच्या डेटावर उघडून बघितलं. गावच्या ग्रुपवर लिंक टाकली, १८० माणसं आहेत. पहिला अंगठा सरपंचांचा.

डीबग चालू आहे, एरर आली तर कळायला बरं पडतं. आणि हो, फक्त कोड. कोड सगळ्यांना पाठ असतो, पासवर्ड कुणाच्या लक्षात राहणार?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२.३०

लिंक ग्रुपवरून काढा. आत्ता. टनेल बंद करा, मग जेवा.

डीबग मोडमध्ये एरर आली की तुमचा कोड, फाइलींचे पत्ते सगळं बघणाऱ्याच्या पडद्यावर येतं आणि तिथेच पायथॉन चालवायची एक खिडकी उघडते. तिला पिनचं कुलूप असतं, पण अशा कुलपाच्या भरवशावर डेअरी ठेवू नये. आणि कोड १ ते २१२ आहेत तर कुणीही बसल्या जागी गावातल्या २१२ घरांचा दुधाचा पैसा वाचू शकतो.

कॅनवाला | बुधवार, रात्री ८.१५

बंद केलं, पण उशीर झाला होता. मोकळेपणाने सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही.

मंगळवारी दुपारी पुण्याहून चुलतभावाने स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "भाऊ, हे मला दिसायला पाहिजे का?" स्क्रीनशॉटमध्ये माझं नेहमीचंच पान. वर उजवीकडे दोन बटणं: 'नोंद दुरुस्त करा' आणि 'दर बदला'.

ती बटणं फक्त डेअरीतल्या कॉम्प्युटरवर दिसतात. तसंच लिहिलं होतं मी! पहाटे साडेपाचला वडिलांचे हात ओले, दुधाने चिकट झालेले, पुढे रांग. ते पासवर्ड टाकत बसणार नाहीत. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती: विनंती १२७.०.०.१ वरून आली, म्हणजे याच कॉम्प्युटरवरून आली, तर पासवर्ड विचारू नको, मालक समज. वायफायवरच्या मोबाइलला १९२ चा पत्ता असतो, त्यामुळे त्यांना बटणं कधीच दिसली नाहीत. वर्षभर बरोबर चाललं.

संध्याकाळी हिशोब लागेना. कूलरवरच्या आकड्यापेक्षा खात्यात ५७.६ लिटर दूध जास्त. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा काटा तपासायला माणूस बोलवायचं काढलं. शेवटी सापडलं. कोड ६१, सोमवार संध्याकाळ, ६.४ लिटरचे ६४ झालेले. कोड ६१ कडे एक गाय आणि एक कालवड आहे.

त्यांच्या घरातल्या पोराने मोबाइलवर खेळता खेळता केलं असावं. की मोठ्याने केलं, देव जाणे. कारण लॉग उघडला तर प्रत्येक ओळीत १२७.०.०.१. सरपंच, चुलतभाऊ, कोड ६१, वडील, सगळेच १२७.०.०.१.

पेनड्राइव्हवर रविवारचा बॅकअप होता, पावत्यांशी पडताळून नोंदी परत घातल्या. दर कुणी बदलला नव्हता. बदलला असता तर मी हे गावातून लिहीत नसतो.

पण हे असं का? टनेलमधून येणारा माणूस बाहेरचा आहे हे फ्लास्कला कळत कसं नाही?

जुना_एक्स्चेंजवाला | बुधवार, रात्री ९.००

कारण फ्लास्कसाठी तो बाहेरचा नसतोच. लाइन कुणी धरली आहे? क्लाउडफ्लेअर्डने. ते बसलंय कुठे? तुमच्याच कॉम्प्युटरवर. बाहेरचं बोलणं त्याच्या कानात येतं आणि ते शेजारच्या खुर्चीवरून फ्लास्कला सांगतं. फ्लास्कला आवाज शेजारच्याचाच ऐकू येतो.

आमच्याकडे याची एक आवृत्ती होती. आतल्या एक्स्टेन्शनवरून ट्रंक कॉल बिनपरवानगीचा लागायचा. मग एका हुशाराने बाहेरून आलेला फोन आतल्या एक्स्टेन्शनवर घेऊन पुढे जोडून द्यायला सुरुवात केली. महिन्याचं बिल आलं तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पोराला रागावू नका. बटण दिसलं की दाबायचं असतं.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे १.४०

ही चूक इतकी सर्रास होते की मी कुणाचाही प्रोग्रॅम बघायला घेतला तर आधी हीच ओळ शोधतो. खऱ्या माणसाचा पत्ता क्लाउडफ्लेअर एका वेगळ्या हेडरमध्ये (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) पाठवतं, सीएफ-कनेक्टिंग-आयपी नावाने. लॉगमध्ये तो छापा, म्हणजे पुढच्या वेळी कोड ६१ की सरपंच ते कळेल. पण मालक कोण हे ठरवायला तो वापरू नका. मालकाचं दार आणि गिऱ्हाइकाचं दार वेगळंच पाहिजे, एकाच दारावर दोन पाट्या नकोत.

तुमच्या जागी मी असं करीन. संकलनाचा प्रोग्रॅम ५००० वर आहे तसाच राहू दे, फक्त ०.०.०.० (जाळ्यातल्या कुणालाही दिसणारा) ऐवजी १२७.०.०.१ (फक्त याच कॉम्प्युटरला दिसणारा) वर बांधा. वायफायवरूनही तो दिसायची गरज नाही. पावती दाखवणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहा, ५००१ वर. त्यात दुरुस्तीचा कोडच नसेल. बटण लपवलेलं नाही, मुळात नाहीच. एसक्यूलाइटची (नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसची) फाइल तो मोड आरओने उघडेल, म्हणजे फक्त वाचायला. लिहायचा प्रयत्न केला तर डेटाबेस स्वतः नाही म्हणेल. टनेल फक्त ५००१ कडे. डीबग बंद, आणि फ्लास्कच्या स्वतःच्या चाचणीच्या सर्व्हरऐवजी गनिकॉर्न हा रोजच्या वापराचा सर्व्हर.

कोडचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चार आकडी पिन म्हणजे दहा हजारच शक्यता, पाच चुकांनंतर कुलूप लावलं नाही तर पोरगं एका रात्रीत उघडतं.

आणि तुम्ही संगमनेरला असताना दर बदलायचा असेल तर त्यासाठी सार्वजनिक टनेल नको. टेलस्केल लावा, तुमचा मोबाइल आणि डेअरीचा कॉम्प्युटर एवढेच त्या जाळ्यात. प्रोग्रॅम १२७ वर बांधलेला राहील, त्याला टेलस्केलच्या 'सर्व्ह' नावाच्या सोयीने आतल्या आत पोचवा. मात्र त्यातला फनेल नावाचा प्रकार चालू करू नका, तो सगळ्या जगाला दार उघडतो. आणि ती 'मालक समज' वाली ओळ आधी काढा, सर्व्हमधून आलेलंही १२७ वरूनच येतं. वडिलांचा पासवर्ड महिनाभर लक्षात राहील अशी कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी खूण) ठेवा, ओल्या हातांचा प्रश्न मिटेल.

उतारवाट | गुरुवार, सकाळी ७.५५

मी जरा उलटं बोलतो. टनेल हवंच कशाला?

दुधाची नोंद दिवसातून दोनदा होते. लोकांना ती फक्त वाचायची आहे. मग जगाला डेअरीत बोलावण्यापेक्षा डेअरीने जगाला कागद पाठवावा. प्रत्येक नोंदीनंतर त्या उत्पादकाचं साधं एचटीएमएल पान बनवा आणि कुठल्याही फुकटच्या होस्टिंगवर चढवा. डेअरीत लाइट नसली तरी पान उघडेल. डेअरीच्या कॉम्प्युटरकडे बाहेरून कुणी बघणारसुद्धा नाही.

किंवा टेलिग्रामचा बॉट करा. बॉटला वेबहुक द्यावाच लागतो असं नाही; तो स्वतः थोड्या थोड्या वेळाने "माझ्यासाठी काही आलंय का?" विचारू शकतो. आतून बाहेर. दार बंदच.

बाहेरच्याने आत यायलाच हवं, तेव्हा टनेल. पेमेंटचा वेबहुक, व्हॉट्सअॅपच्या अधिकृत एपीआयचा वेबहुक, कॅमेरा. पावती त्यात बसत नाही.

आणखी एक, जे वर कुणी बोललं नाही. क्लाउडफ्लेअरच्या टनेलमध्ये मजकुराला लावलेलं कुलूप त्यांच्या सर्व्हरवर उघडतं आणि पुढे परत लागतं. मधे ते वाचू शकतात. दुधाच्या पावतीला चालेल, पण कुणी हे वाचून दवाखान्याचे कागद तसेच उघडायला जाईल म्हणून सांगितलं.

परदेशी_पाटी | गुरुवार, सकाळी ९.३०

मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाच्या टनेलशिवाय चालवतोय. स्वतःचा एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर), त्यावर घरून एसएसएच ची (दुसऱ्या यंत्रात सुरक्षित शिरायच्या वाटेची) उलटी जोडणी, आर स्विचने. जोडणी तुटली की ऑटोएसएसएच परत लावतं. व्हीपीएसवर पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र. सुरुवातीला सगळे एकाच ठिकाणी अडकतात: उलटं पोर्ट व्हीपीएसच्या आतल्या पत्त्यावरच बसतं, बाहेरून दिसत नाही, मग लोक गेटवेपोर्ट्स (ते पोर्ट बाहेर उघडं करणारी सेटिंग) चालू करतात. करू नका. एनजिनएक्स त्याच यंत्रावर आहे, त्याला आतलं दिसतं तेवढं पुरे.

महिन्याला पैसे जातात हे खरं. पण कुलूप माझं, किल्ली माझी.

कॅनवाला | गुरुवार, दुपारी १.१०

उतारवाट, तुमचं पटलं, पण दोन अडचणी. आमच्या गावात टेलिग्राम फक्त एमपीएससी करणाऱ्या पोरांकडे आहे, नोट्ससाठी. व्हॉट्सअॅपच्या बाहेर कुणी जात नाही. एसएमएस बघितला होता, त्याला डीएलटीची (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी, टेम्प्लेट मंजूर करून घेणं, ते माझ्या आवाक्याबाहेरचं.

पान चढवायचं पटतंय, पण माझी हौस सांगतो. लोकांना मागचे तीन महिने चाळायचे असतात, कोणत्या आठवड्यात फॅट पडली, पेंड कधी बदलली. ते प्रत्येकाचं पान बनवून चढवत बसण्यापेक्षा विचारल्यावर काढून देणं सोपं. तेव्हा तूर्त रात्रपाळींचे दोन दरवाजे करतो. लाइट गेली तर पान दिसणार नाही, पण लाइट गेली की आमच्याकडे मोबाइलचा टॉवरही अर्ध्या तासात बसतो, त्यामुळे कुणाला फरक कळणार नाही.

परदेशी दादा, तुमचंही वाचलं. वडिलांना महिन्याचे पैसे परत सांगायची हिंमत माझ्यात नाही.

उतारवाट | गुरुवार, दुपारी १.४०

टॉवर बसतो हा मुद्दा मान्य. हरलो.

कॅनवाला | पुढचा बुधवार, रात्री १०.२०

झालं ते सांगतो.

डोमेन घेतलं. पहिलं नाव लांबलचक घेत होतो, पावती डॉट डेअरी डॉट अमुक असं दोन टिंबांचं. ते ब्राउझरमध्ये उघडेना, सुरक्षित जोडणीची एरर. रात्रपाळींना व्यक्तिगत निरोप टाकला तर कळलं, क्लाउडफ्लेअरचं फुकटचं प्रमाणपत्र एकाच पायरीच्या उपनावापर्यंत चालतं. मग नुसतं 'पावती' ठेवलं, लगेच उघडलं. त्यात अर्धा दिवस गेला.

दोन प्रोग्रॅम वेगळे केले. ५००० आता डेअरीच्या वायफायवरूनही दिसत नाही. ५००१ ने मुद्दाम लिहून बघायचा प्रयत्न केला, एसक्यूलाइटने 'फक्त वाचता येईल' म्हणून हाकललं. फार बरं वाटलं ते वाचून.

लॉगमध्ये खरे पत्ते येऊ लागले आणि दुसऱ्याच दिवशी बघतो तर रात्री तीन वाजता कुणीतरी आमच्याकडे वर्डप्रेसचं लॉगिन मागतंय. मग पासवर्ड ठेवतात ती डॉट ईएनव्ही फाइल. मग गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाची कॉन्फिग. एका मिनिटात चाळीसेक दारं ठोठावून गेलं. अकोले तालुक्यातल्या दूध डेअरीकडे! काकांना विचारलं तर म्हणाले, प्रमाणपत्र निघालं की नाव जाहीर वहीत चढतं आणि ही भुतं ती वही वाचत बसलेली असतात. माझ्याकडे वर्डप्रेस नाही आणि डॉट ईएनव्हीही नाही, त्यामुळे चाळीसही वेळा ४०४ (पान सापडलं नाही) घेऊन गेली. पण मंगळवारचं ते डीबगवालं पान आठवून पोटात गोळा आला.

कोडचा प्रश्न असा सोडवला. पिन नाही, पासवर्ड नाही. प्रत्येक उत्पादकाला २२ अक्षरांची अंदाजाने न सापडणारी एक लिंक, पायथॉनच्या सीक्रेट्समधून काढलेली. तिचा क्यूआर छापून दूध कार्डाच्या मागे चिकटवला. २१२ स्टिकर, आई आणि बहिणीने दोन संध्याकाळी बसून लावले. कार्ड हरवलं तर जुनी लिंक मारून नवीन द्यायची. ज्याच्या हातात कार्ड त्याला पावती, हे लोकांना समजावून सांगावं लागत नाही, कारण दूध घालतानाही तसंच असतं.

स्टिकरवर पारदर्शक टेप लावा, कुणी करणार असेल तर. पहिले तीस ओल्या हातांनी दोन दिवसांत पुसले गेले.

कोड १३८ या आजी एकट्या राहतात, दोन गायी. मुलगा चाकणला कंपनीत. आजींना क्यूआर वगैरे काही नको होतं, त्यांनी कार्डाचा फोटो काढून मुलाला पाठवायला लावला. आता तो पहिल्या पाळीला जायच्या आधी बसमध्ये उघडून बघतो. सोमवारी सव्वासहाला डेअरीच्या फोनवर त्याचा फोन: "काका, आज फॅट तीन-दोन कशी? आईने पेंड बंद केली का?" वडिलांनी आजींना रांगेतच विचारलं. पेंड संपून चार दिवस झाले होते, पोराला सांगू नका म्हणाल्या.

वडिलांचं म्हणणं, आधी भांडणं दहा दिवसांनी व्हायची, आता रोज सकाळी फोनवर होतात. पण परवा कोड ७४ त्यांना काहीतरी सुनावत होता तेव्हा त्यांनीच त्याच्या हातातलं कार्ड उलटं करून मागचा क्यूआर दाखवला.

आता एकच राहिलं. लाइट जाऊन आली की टनेल उठतं, दोन्ही प्रोग्रॅम उठतात, पण फॅट मशिनचा कन्व्हर्टर कधी टीटीवाययूएसबी शून्य या नावाने येतो तर कधी एक या नावाने. मग पहाटे साडेपाचला मला उठवतात. हे कायमचं कसं बांधायचं?

जुना_एक्स्चेंजवाला | पुढचा बुधवार, रात्री १०.४५

यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नाव देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) नियम लिहून त्याला नाव द्या. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पुढच्या माणसाला सापडायचं नाही. आणि कोड १३८ ला पेंड पोचली का, ते त्यात लिहा.